लॅटिन गेल्यावर

अकरावीच्या इतिहासात रोमन साम्राज्याचा धडा आहे, आणि त्यावर माझ्या लेकीला वर्गात दहा मिनिटं बोलायचं होतं. विषय तिनेच निवडला: रोमन गेल्यावर केल्टिक भाषांचं काय झालं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. रियाधमध्ये त्याचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता, त्यामुळे मी मोठ्या हौसेने नकाशा पसरून बसले.

त्याच महिन्यात नाशिकला माझ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय सावरले, पण इंग्रजी गेलं. विमा कंपनीत जन्मभर इंग्रजी पत्रांचे मसुदे करणाऱ्या माणसाला 'वॉटर' म्हटलेलं कळेना. हिंदीही गेली. मराठी तेवढी राहिली. असं होतं कधीकधी, डॉक्टर म्हणाले. असं कसं होतं, हे मात्र कुणी सांगेना.

नात आणि आजोबा आजवर इंग्रजीतच बोलत आले. दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर दोघं शब्दकोडं सोडवायची आणि मला मध्ये तोंड घालू द्यायची नाहीत. लेकीला मराठी कळते ती भाजीपोळीपुरती; बोलते ती हिंदी, नाहीतर इंग्रजी. आता आजोबा समोर दिसत होते, आणि दोघांमध्ये सामाईक भाषाच उरली नव्हती. ती कॉलवर नुसती हात हलवायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायची.

मला जायचं होतं, तिलाही न्यायचं होतं. पण आमच्या इकाम्याची, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याची, मुदत संपलेली, नवा इकामा नवऱ्याच्या कंपनीत कुठेतरी अडकलेला, आणि त्याशिवाय इथून बाहेर पडून परत यायचा व्हिसा मिळत नाही. तिथला माणूस फोन केला की गोड आवाजात 'बुकरा' म्हणायचा, म्हणजे उद्या. मी त्या उद्याच्या नावाने बोटं मोडत कणीक तिंबत होते.

तर नकाशा. मी सांगत होते, ब्रिटनमध्ये लॅटिन होती ती छावण्यांत, शहरांत, करवसुलीच्या कचेऱ्यांत. पश्चिमेच्या डोंगरांत लोक घरी आपली केल्टिकच बोलत. सैन्य गेलं, कचेऱ्या ओस पडल्या, लॅटिन विरत गेली आणि खालची बोली तगली. तिचीच पुढे वेल्श झाली. समुद्रापलीकडे गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, उलटं झालं. तिथे रोमन सत्ता गेली तरी लॅटिन राहिली आणि केल्टिकच संपली. कुणी बंदी घातली होती असंही नाही. पोरं आईबापांना लॅटिनमध्ये उत्तरं द्यायला लागली असणार, दुसरं काय.

लेक नकाशाकडे बघत राहिली. "मतलब आजोबा ब्रिटन हैं," ती म्हणाली, "और मैं गॉल."

मला एकदम राग आला. कुणावर, तेच ठरवता येईना.

"मराठी सिखाओ मुझे," ती म्हणाली. "शुक्रवार से पहले." मी तिला तीन वाक्यं शिकवली: आजोबा, कसे आहात? लवकर बरे व्हा. मला तुमची आठवण येते. आठवडाभर ती दात घासतानाही तीच घोकत होती.

शुक्रवारी वहिनीने बाबांसमोर फोन धरला. मी आधी बोलले. मला ते ओळखत होते, जेवलीस का विचारत होते. मग लेक पुढे सरकली आणि तिन्ही वाक्यं एका दमात म्हणाली. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग सावरून बसले आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "छान मराठी बोलता हो तुम्ही."

लेकीने माझा दंड घट्ट धरला. "आई, सुना? तुम बोले मुझे! आप नहीं, तुम!"

हिंदीतला 'तुम' जवळच्या माणसाचा असतो. आमच्या मराठीतला 'तुम्ही' मोठ्यांचा, नाहीतर परक्याचा. नात त्यांच्याकडे इंग्रजीत राहत होती, आणि इंग्रजी गेलं तेव्हा तीही गेली. हे तिला कोणत्या भाषेत सांगू, मला कळेना. ती पडद्याला नाक लावून हसत होती, बाबाही हसत होते, अदबीने.

मग त्यांनी वहिनीकडे मान वळवली. "अगं, पाहुण्यांना चहा टाक."

चहा हा शब्द लेकीला येत होता. "हो, आजोबा!" ती आनंदाने ओरडली. "हो, हो!"