आदामापासूनची वर्षं

अंगद त्रिभुवन यांनी आयुष्यात दोन आकडे खणखणीत आवाजात सांगितले. एक वेरूळच्या लेण्यांवर आणि एक मुकुंदवाडीच्या देवळात.

लेण्यांवर ते एकतीस वर्षं पहारेकरी होते. एखादा पाहुणा खांबावर हात ठेवून विचारायचा, हा दगड किती जुना? अंगदराव काठी बगलेत धरायचे, थोडं थांबायचे, कारण थांबल्याशिवाय आकड्याला वजन येत नाही, आणि म्हणायचे, "साडेसहा कोटी वर्षं. कोरलाय आत्ता आत्ता, बाराशे वर्षांमागं." भूगर्भशास्त्राच्या एका दाढीवाल्या प्राध्यापकानं त्यांना हे नोकरीच्या दुसऱ्या वर्षीच शिकवलं होतं. आग ओकून ओकून धरतीनं थरावर थर रचले, भाकरीची चळत रचावी तसे. दोन थरांच्या मधली ती लाल मातीची रेघ दिसते ना, तेवढी माती धरायलाच हजारो वर्षं गेली. अंगदरावांनी त्या रेघेवर बोट फिरवलं होतं. ते बोट नंतर कित्येक दिवस त्यांना परकं वाटत होतं.

रविवारची सकाळ मात्र त्यांनी साहेबांकडून मागून घेतली होती, त्याबदल्यात सगळ्या सणावारांना ड्यूटी. त्या सकाळी मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं, पत्र्याच्या छपराच्या ख्रिस्ती देवळात ते लेकरांची शब्बाथ शाळा घ्यायचे. चौतीस वर्षं झाली. तिथं भिंतीवर एक मोठं कापड टांगलेलं असे. मंडळीच्या पहिल्या बोधकानं, म्हणजे उपदेशकानं, निळ्या-लाल रंगांत ते रंगवलेलं. आदाम, नोहा, अब्राहाम, दावीद, एकाखाली एक. प्रत्येकाच्या नावापुढं त्याच्या वर्षांएवढी लांब पट्टी, आणि सगळ्यात वर, 'जगाची निर्मिती, ख्रिस्तापूर्वी ४००४'. खाली पत्र्याची काळी पाटी, खडूनं आकडा लिहिलेली.

एकाच नटानं पहिल्या अंकात राजा करावा आणि तिसऱ्यात फकीर, मधे फक्त पगडी बदलावी, तसं हे चाललं. राजानं फकिराला कधी ओळख दाखवली नाही. प्रेक्षकांनीही विचारलं नाही. सत्तरी ओलांडल्यावर आता आपल्याला कुणी काही विचारणार नाही, असं अंगदरावांना वाटत होतं. गुडघे गेले होते, डाव्या डोळ्यात पडदा आला होता. रविवारचा तो एक तास तेवढा राहिला होता. सोमवारपासून शनिवारपर्यंत ते त्या तासाचीच तयारी करत.

त्यात ऑक्टोबरात मंडळीतल्या म्हाताऱ्या साळूबाई वारल्या.

या मंडळीची एक रीत होती. नव्या वर्षाच्या सकाळी उपासनेत मंडळीतलं सगळ्यात वडील माणूस त्या कापडासमोर उभं राहायचं आणि पाटीवरचा आकडा वाचायचं. आदामापासून आज इतकी वर्षं झाली, देवानं आपल्याला अजून एक दिलं. मंडळी आमेन म्हणायची, मग चहा आणि खारी. पाटीवर नवा आकडा लिहायचं कामही वाचणाऱ्याचंच. साळूबाईंनी एकोणीस वर्षं वाचलं. त्यांच्यामागं वयानं अंगदरावच.

आणि डिसेंबरात ते वर्गाला सहलीला वेरूळला घेऊन गेले. तीस लेकरं, दोन टेम्पोंतून. जुनी जागा, जुना खांब. दहा वर्षांच्या तनुजानं खांबावर हात ठेवला आणि विचारलं, "आजोबा, ह्यो किती जुना?"

अंगदरावांच्या तोंडून तो आकडा निघालाच. काठी बगलेत, थोडं थांबणं, साडेसहा कोटी.

तनुजानं बोटं मोजली नाहीत, पण कपाळाला आठी घातली. "पर पाटीवर तर सहा हजार लिवलंय."

"व्हय," अंगदराव म्हणाले. "चला, डबे खायचेत."

त्याच संध्याकाळी ती गोष्ट तीस घरांत पोचली.

पाळक विश्वजीत निर्मळ तेहतीस वर्षांचे. आवाज मऊ, सदऱ्याला कायम इस्त्री. मंडळीत येऊन दीडच वर्ष झालेलं, पण आजाऱ्याच्या उशाशी बसावं तर त्यांनीच. साळूबाईंच्या शेवटच्या आठवड्यात ते रोज येत होते. म्हणून तर त्यांच्यावर रागावणंही अंगदरावांना जमेना.

"मामा," ते घरी येऊन म्हणाले, "मी भांडायला आलो नाही."

"भांडायला लई ताकद लागते, साहेब. बसा."

"लेकरं मला विचारतात, खरं कोणतं? पहिल्या पानावरचे दिवस जर दिवस नसतील, तर शेवटी प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, तो दिवस तरी दिवस कशावरून? एक टाका सुटला की सगळं उसवतं. मला रात्रीची झोप नाही."

अंगदरावांच्या मनात एक जुना प्रश्न होता. सूर्य तर चौथ्या दिवशी निघाला. मग पहिले तीन दिवस मोजले कुणी आणि कशानं? पंचवीस वर्षं तो त्यांनी गारगोटीसारखा खिशात बाळगला होता. आता काढावा असं वाटलं, पण हात उचलवेना. समोरचा माणूस खरोखरच झोपलेला दिसत नव्हता.

"मग माझ्याकडून काय हवं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या तारखेला तुम्ही आकडा वाचाल. त्याच्यापुढं एक वाक्य म्हणा. हेच पृथ्वीचं वय आहे असं मी मानतो. बस. वर्ग तुमचाच. नाही म्हणालात तर..." पाळकांनी चष्मा पुसला. "तर मला वर्ग सुलेखाताईंकडे द्यावा लागेल. मनाविरुद्ध."

ते गेल्यावर स्वयंपाकघरातून सारजाबाई बाहेर आल्या. अंगदरावांची बायको, तोंडानं फटकळ. "एक वाक्य तर हाय. म्हना आन् मोकळे व्हा. माझ्याशी लगीन लावताना किती वाक्यं म्हनला व्हता, त्यातलं किती पाळलं?"

"ते तुला म्हनलो व्हतो. तू माफ करतीस."

"आन् देव करत नाय?"

अंगदराव भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

एकतीस तारखेला दुपारी ते किल्ली घेऊन देवळात गेले. कापडावरची धूळ झटकली, आदामाच्या पट्टीला कसरीनं खाल्लं होतं तिथं बोट लावून पाहिलं. मग पाटीकडं वळले. साळूबाईंच्या हातचा मागच्या वर्षीचा आकडा तसाच होता, वाकडातिकडा, प्रत्येक अंक स्वतंत्र उभा. सहा हजार सव्वीस.

पुसायला फडकं उचललं आणि सहज हिशेब केला. वर लिहिलेले चार हजार चार, त्यात नवं वर्ष दोन हजार सव्वीस. सहा हजार तीस. मागच्या वर्षीचा आकडा एकोणतीस पाहिजे होता. पाटीवर सव्वीस. पुन्हा मोजलं, बोटांवर मोजलं. तीन वर्षं कमी.

अंगदराव पहिल्या बाकावर बसले. पृथ्वीची तीन वर्षं हरवली होती, आणि सगळ्या मंडळीत कुणाला पत्ता नव्हता. पाळकांनासुद्धा. ज्या आकड्यासाठी वर्ग जाणार, तो आकडा आजवर कुणी तपासलाच नव्हता. त्यांना हसू यायला हवं होतं. आलं नाही. नुसतं थकल्यासारखं झालं.

पाटी न पुसताच ते घरी आले. सारजाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"साळूबाईचं गणित कच्चं व्हतं गं," अंगदराव म्हणाले. "तीन वर्षं खाल्ली तिनं."

"खाल्ली नाय. तिनं एकच खाल्लं, बाकी दोन तिच्या आधीच्यांनी."

"म्हंजी?"

"मी तिचं डोकं धुवायला जायची ना शेवटी, तवा सांगितलं तिनं. ज्या वर्षी मंडळी जमली नाय, ते वर्ष वाचलं नाय. वाचलं नाय तर मिळवायचं कसं? रझाकाराच्या टायमाला समदे गाव सोडून पळाले व्हते, ते एक. बहात्तरच्या दुष्काळातलं एक. आन् कोरोनात दार बंद व्हतं, ते तिचं."

अंगदराव तसेच उभे राहिले. दुष्काळातली ती पहिली जानेवारी त्यांना आठवत होती. अठराचे होते. सगळी मंडळी फुलंब्रीच्या रस्त्याला खडी फोडायला. दुपारी सुकडी मिळायची. त्या दिवशी मुकादमानं सुट्टी दिली नाही, उपासना नाही, चहा नाही. हातोडा, दगड आणि आईचे सोललेले हात. पुढच्या वर्षी म्हाताऱ्या बोधकानं आकडा वाचला तेव्हा आई हळूच बापाला म्हणाली होती, ते वर्ष धरलं नाय त्यांनी, बरं केलं.

आई म्हणाली होती, हे त्यांना बावन्न वर्षांनी आठवलं.

"तांदूळ सांडू नका पायानं," सारजाबाई म्हणाल्या. "आन् बसा आता."

पहिल्या तारखेला देऊळ भरलं होतं. थंडी होती, बायकांनी लेकरांना शालीत घेतलं होतं. स्तोत्र झालं, प्रार्थना झाली. पाळकांनी मान हलवली आणि अंगदराव कापडासमोर जाऊन उभे राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात काठी नाही. मंडळीकडं तोंड केलं, मग थांबले. ते थांबणं सगळ्यांना ओळखीचं होतं. मागच्या बाकावरच्या पोरांनी कुजबूज बंद केली.

"आदामापासून आज सहा हजार सत्तावीस वर्षं झाली. देवानं आपल्याला अजून एक दिलं."

"आमेन," मंडळी म्हणाली. पाळकांच्या ओठांवर बेरीज दिसली, आणि मग भुवया वर गेल्या.

"पाळकसाहेब म्हणतील तीन कमी पडतात," अंगदराव म्हणाले. "पडतात. पळापळीचं एक, दुष्काळाचं एक, बंद दाराचं एक. साळूबाईनं आन् तिच्या आधीच्यांनी ती मोजली नाय, कारण तवा इथं कुनी जमलं नाय." त्यांनी श्वास घेतला. "मला एक वाक्य म्हणायचं व्हतं. लई प्रयत्न केला. पर हा आकडा आपण एकत्र बसून आभार मानलेल्या वर्षांचा हाय, आपल्या आज्यापणज्यांनी आदामाच्या वर्षांना जोडलेला. पृथ्वीचं वय मी दगडावर हात ठेवून ऐकलंय, ते येगळं हाय. दोन्ही त्याच्याच हातचं. एकानं दुसऱ्याला खोटं पाडावं असं मला वाटत नाय, आन् मी एकाला खरं म्हनून दुसऱ्याला खोटं म्हनणार नाय. इतकंच."

आमेन कुणी म्हटलं नाही. कुणी उठलंही नाही. मग पुढच्या बाकावरचे तात्यासाहेब, जे दुष्काळात अंगदरावांच्या शेजारी खडी फोडत होते, खोकले आणि म्हणाले, "चहा निवतोय."

अंगदरावांनी पाटी पुसून नवा आकडा लिहिला. उपासना संपल्यावर पाळकांनी त्यांना आतल्या खोलीत बोलावलं. दार लावलं नाही.

"तीन वर्षं पृथ्वी थांबली होती का, मामा?"

"पृथ्वी नाय, साहेब. आमी थांबलो व्हतो."

विश्वजीतनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मला तुमचं बोलणं आवडलं. आणि तरी मी त्याच्याशी सहमत नाही. दोन्ही एकदम होतं, हे मला माहीत नव्हतं."

"होतं. सवयीनं कमी दुखतं."

"वर्ग..."

"द्या सुलेखाताईला. त्यांना सांगा, अजिनाथच्या जुळ्यांना एका बाकावर बसवायचं नाय. आन् प्रार्थनेच्या आधी लेकरांना मुतायला सोडायचं, नाहीतर डोळे मिटून चुळबुळ करतात." त्यांनी खिशातून वर्गाच्या कपाटाची किल्ली काढली, टेबलावर ठेवली. हात किल्लीवरून लगेच निघाला नाही. "खडू वरच्या कप्प्यात. ओल लागते, प्लास्टिकात ठेवा."

"आकडा पुढच्या वर्षीही तुम्हीच वाचायचा," पाळक म्हणाले. "ती रीत आहे. माझ्या आधीची."

"जगलो तर."

घरी सारजाबाईंनी तोंडाकडं पाहिलं आणि ओळखलं. "गेला?"

"गेला."

"मला वाटलं व्हतं तुमी म्हनताल." त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "नाय म्हनलात ते बरं झालं. म्हनला असता तर रोज राती मला ऐकावं लागलं असतं."

पुढच्या रविवारी पाय सवयीनं वर्ग भरलेल्या देवळाच्या दाराकडं गेले. अंगदराव उंबऱ्यापाशी आल्यावर त्यांना आठवलं. आत जायचं नव्हतं. दार अर्धं उघडं होतं. सुलेखाताई नवीन, घाबरलेल्या. पाळकांनी लिहून दिलेला कागद हातात. भिंतीवर कापड, खाली पाटी, तिच्यावर अंगदरावांच्या हातचा सत्तावीस तसाच. पाळकांनी पुसला नव्हता.

"आता सगळ्यांनी म्हणायचं," सुलेखाताई म्हणाल्या. "आदामापासून किती वर्षं? सहा हजार तीस."

"सत्तावीस, बाई," तनुजा म्हणाली.

"कागदावर तीस आहे बाळा."

"त्या तीन वर्षी कुनीच आलं नव्हतं," तनुजानं समजावलं. "ती मोजत नाय."

"नाय मोजत," जुळ्यांपैकी एकानं दुजोरा दिला. दुसऱ्यानं विचारलं, "मंग डोंगरानं ती मोजली का?" आणि वर्गात एकच गलका झाला. कुणी सत्तावीस, कुणी तीस, एक जण साडेसहा कोटी. सुलेखाताई कागदाकडं आणि लेकरांकडं आळीपाळीनं पाहत होत्या.

जुळी एकाच बाकावर बसली होती. सांगून काय उपयोग. अंगदरावांनी दार हळूच ओढून घेतलं आणि गुडघ्यावर हात ठेवत, भिंतीचा आधार घेत, दाराबाहेरच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसले. आतला गलका थांबायला वेळ लागणार होता, आणि उपासना सुरू व्हायला अजून अर्धा तास होता.