कोरड्या हाताची पारख

आमच्यात थोरल्या दिराला अहोजाहो करतात, त्यामुळे अण्णांवरचा माझा रागही अहोजाहोतच आहे. म्हणून तो कमी आहे असं कोणी समजू नये. त्यांनी माझा शिलाई विभाग बंद केला त्याला वर्ष होत आलं, तरी त्यांच्या ताटात भाकरी वाढताना माझं तोंड वाकडं होतंच.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. माग अण्णा बघतात, बँक आणि हिशेब माझा नवरा, आणि शिलाई माझ्याकडे होती. कडा दुमडून शिवायच्या, लेबल लावायचं, घडी घालायची. कामाला शहराच्या पूर्व भागातल्या बायका होत्या. आपसांत तेलुगूत बोलायच्या, माझ्याशी मराठीत, आणि अण्णा आत आले की कुठल्याच भाषेत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून माझं स्वतःचं म्हणावं असं मला तेवढंच मिळालं होतं. आणि ते पुण्याच्या एकाच हॉटेलवाल्याच्या मागणीवर चालायचं, कारण बाकीचा माल व्यापारी बिनशिवलेलाच उचलत.

आमच्याकडे माल पास होतो तो हातानं, म्हणजे अण्णांच्या हातानं. टॉवेल टेबलावर पसरायचा. अण्णा डोळे मिटून त्यावरून तळवा फिरवणार, आजूबाजूचे सगळे गप्प उभे राहणार, आणि मग अण्णा म्हणणार, "हात हाय." मालाला हात आहे म्हणजे माल मऊ आहे, भरीव आहे, विकला जाणार. सासरे असंच करायचे, त्यांचे वडीलही. त्या काळी ते बरोबर असेल, कारण तेव्हा मऊपणा सुतातून यायचा. आता तो शेवटच्या पाण्यात ओतलेल्या रसायनातून येतो. रसायन जितकं जास्त तितका हात छान, आणि तितकाच टॉवेल पाणी टिपायला नालायक.

हॉटेलवाल्याचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे ऑफिसात होतो. अण्णांनी तो स्पीकरवर लावला. पलीकडचा माणूस सभ्यपणे सांगत होता, की पाहुण्यांची तक्रार आहे, तुमचा टॉवेल अंगावरचं पाणी टिपत नाही, नुसतं इकडून तिकडे सरकवतो. फोन ठेवून अण्णा हसले.

"भाव पाडायलाय."

माझा नवरा म्हणाला, "व्हय." सूत पुरवणारा कानडी एजंट चहा पीत बसला होता, तो म्हणाला, "हौदु, हौदु." आमच्याकडे होकाराला दोन भाषा आहेत, नकाराला एकही नाही.

मी म्हटलं, एकदा पाण्यात घालून तरी बघू. अण्णांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

त्याच सुमारास ते उद्योजकांच्या कसल्याशा शिबिराला जाऊन आले. तिथं कोणीतरी सांगितलं होतं, की प्रत्येक माणसाला एक आंधळी जागा असते, त्याच्या नाकासमोरचं त्यालाच दिसत नाही. अण्णांना ते लई पटलं. रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी आम्हाला एकेकाची आंधळी जागा दाखवून दिली. नवऱ्याची भिडस्तपणा, जाऊबाईंची माहेर, माझी तोंड. सगळ्यांच्या सापडल्या, आणि मग त्यांनी ताक मागितलं.

शेवटी मीच ऑफिसात पाण्याची बादली नेली. कोरा टॉवेल घडी घालून त्यात सोडला. तो बुडेना. वर तरंगत राहिला, दाबला तर पुन्हा वर आला. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. अण्णा खुर्चीतून उठले, बादलीत वाकून कौतुकानं बघत राहिले.

"बघ की. पाणी धरतच न्हाय. म्हंजे वाळायचा तरास न्हाय. हे त्यांना सांगायला पायजे."

आणि सांगितलं. 'झटपट वाळणारा' अशी लेबलं छापून आली, आणि ती माझ्याच बायकांनी माझ्यासमोर शिवली. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी बादलीभर ओतून बघितलं आहे.

हॉटेलवाल्यानं मागणी बंद केली. कारण शोधायला पुन्हा तीच माणसं, तेच ऑफिस, तोच चहा. अण्णांनी परत आलेल्या गठ्ठ्यातला एक टॉवेल ओढला, तळवा फिरवला, मान डोलावली. म्हणजे मालात खोट नाही. मग त्यांच्या बोटांना कडेचा एक सुटलेला दोरा लागला.

"हे बघा. शिलाई."

माझा नवरा मोबाइल बघू लागला. त्या क्षणी मला अण्णांपेक्षा त्याचाच राग जास्त आला.

शिलाई बंद होणार हे बायकांना मीच सांगितलं. एकीनं विचारलं, "आमच्या शिलाईत काय चुकलं?" काही चुकलं नाही, असं मी स्पष्ट सांगितलं. अण्णांनी नेमकं तेच सांगू नको म्हणून बजावलं होतं. त्या गेल्या, आणि मशिनं प्लास्टिक टाकून झाकून ठेवली.

परवा सकाळी मी आणि जाऊबाई स्वयंपाकघरात होतो. न्हाणीघरातून अण्णांनी टॉवेल मागितला. जाऊबाईंनी कपाटातला आपल्याच कारखान्याचा कोरा टॉवेल नेऊन दिला. लगेच आतून आवाज आला.

"ह्यो नगं गं, ह्यानं पुसत न्हाय. पंचा दे."

जाऊबाई पंचा देऊन आल्या. मी विचारलं, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, "कायमच की. त्यांचं अंग नव्या टावेलानं कोरडं व्हत न्हाय."

अण्णा केस पुसत बाहेर आले. मी सरळ त्यांनाच विचारलं, "अण्णा, आपला टॉवेल का नको?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "घरात कोण वापरतंय ते? तो विकायचा माल हाय."

लबाड असते तर बरं झालं असतं, लबाडाशी भांडता तरी येतं. आपण आत्ता काय बोललो हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. ते देवाला बसायला गेले, आणि जाऊबाईंनी तो कोरा टॉवेल घडी घालून पुन्हा कपाटात ठेवला.