वाळूतली बाई आणि सायक्लोस्टाइल

पालघरच्या शाळेत मी मराठी शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. तिथं नकाशे काढणारा साताऱ्याकडचा एक तरुण माझा मित्र झाला होता. तिसऱ्या होत्या सातपाटीच्या बाई, कोळ्याच्या घरातल्या, गावातल्याच प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिघंही कविता करायचो आणि मासिकांकडून तिघांच्याही साभार परत यायच्या.

एकदा मित्र म्हणाला, "मास्तर, आपणच पुस्तिका काढू की! तुमच्या शाळेत प्रश्नपत्रिका छापायचं यंत्र आहे ना?"

मी उडालोच. हेडमास्तरांनी रविवारी सायक्लोस्टाइल वापरायची परवानगी दिली. मित्रानं कागद दुमडून, प्रत्येक पानावर आकडा घालून नमुना केला. पहिल्या पानाच्या शेजारी सोळावं पान येतं हे बघून आम्ही लहान मुलांसारखे हसलो. अक्षर माझं बरं, म्हणून मेणकागदावर टोकदार लेखणीनं कविता कोरायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला कागद यंत्रातून ओला, काळाकुळकुळीत बाहेर आला तेव्हा मित्रानं टाळ्याच वाजवल्या. बाईंनी मात्र आपली कविता वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सर, मी लिहिलं होतं, 'होडी नाय आली, मी वाळूत उबी हाय.' तुम्ही 'नाही', 'उभी', 'आहे' केलंत."

"शुद्ध केलं, बाई. छापायचं म्हणजे..."

"ही बाई वाळूत उबी नाय मग. ही फळ्यासमोर उबी हाय!"

मित्र खो खो हसला. मी चिडलो, वाद घातला. मग माझी शुद्ध ओळ मोठ्यानं दोनदा म्हणून पाहिली, आणि ती मलाच धड्यातली वाटली. नवा मेणकागद काढला.

संध्याकाळी हात शाईनं बरबटलेले, तसेच शंभर प्रती घेऊन सातपाटीला गेलो. बाईंची आई किनाऱ्यावर सुके बोंबील गोळा करत होती. तिला वाचता येत नव्हतं. बाईंनी तिथंच कविता वाचून दाखवली. आईनं हातातलं काम थांबवून ऐकलं.

"अगो, होडी येईना तं कोन उबं ऱ्हाते? आमी चालत ऱ्हातो, हिकडून तिकडं. उबं ऱ्हायलं का जीव घाबरते."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या हसतही होत्या. "सर, पेन द्या," त्या म्हणाल्या. सुकटीच्या वासात बसून आम्ही शंभरच्या शंभर प्रतींत 'उबी हाय' खोडलं आणि 'चालते हाय' लिहिलं.

पुढं आणखी तीन पुस्तिका काढल्या. कोरण्याआधी प्रत्येक कविता किनाऱ्यावर काम करणाऱ्या बायकांना वाचून दाखवायची, हा नियम बाईंनी घातला. माझ्या दोन तिथंच बाद झाल्या. मित्राची एक त्या बायकांनी पुन्हा म्हणायला लावली, तेव्हा तो वाळूत उड्या मारत सुटला.