स्वस्तातली रोलिंग मशीन आणि आईचे गोठ

आईचे चांदीचे गोठ तिच्या वाळलेल्या मनगटातून गळून पडायला लागले, तेव्हा तिनेच ते काढून माझ्या हातात दिले.

"तू ते चांदीचं काम शिकून राह्यली नं? मले याच्या हलक्या पाटल्या करून दे."

मी किन्हीराजाजवळच्या एका उपकेंद्रात नर्स आहे. लसीकरण, गरोदर बायांच्या घरभेटी, मग तेच सगळं मोबाईलमध्ये भरायचं. हाताशी उरायचा फक्त रविवार. त्या रविवारांत व्हिडिओ पाहून पाहून मी कानातले, जोडवी करायला शिकले होते. पत्रा मात्र हातोडीनं ठोकून करावा लागे आणि खांदा भरून येई. म्हणून ऑनलाइन एक छोटी रोलिंग मशीन मागवली. दोन पोलादी रूळ, वर रूळ जवळ-लांब करायला दोन पेच, बाजूला दांडा. दांडा फिरवला की चांदी रुळांमधून दबून पातळ निघते. दिसल्या त्यातली ही सगळ्यात स्वस्त होती. खोक्यातून काढताना तिचा निळा रंग बोटांना लागला, पण उचलायला जड होती, तेव्हा मजबूत असणार असं धरून चालले.

पहिली तांब्याची पट्टी विळ्यासारखी वाकडी निघाली. दुसरीही तशीच. माझाच हात सरळ चालत नसेल, असं मला वाटलं. उभं राहायची पद्धत बदलली, मशीन टेबलावरून काढून ओट्याला कसली. दोन महिने असेच गेले. मग एका रविवारी कंटाळून एक गोठ वितळवला, त्याची कांब केली आणि रुळांत घातली. एक कड जाड, दुसरी कागदासारखी, आणि त्या पातळ कडेला भेगाच भेगा. रडायचंही त्राण नव्हतं. आईचा फोन आला तर म्हणाले, "होऊन राह्यलं, थोडं थांब."

पुढच्या आठवड्यात वाशिमला मीटिंग होती. मशीन पोत्याच्या पिशवीत घालून एसटीत पायाशी ठेवली. ज्यांच्याकडून मी चांदी जोडताना लागणारा सोहागा घेते त्या म्हाताऱ्या कारागिरांच्या दुकानात संध्याकाळी ती पिशवी टेकवली. त्यांना मी चाचा म्हणते.

"चाचा, मशीन खराब हाय का मी, तेवढं सांगा."

चाचा हसले नाहीत. त्यांनी दोन्ही रूळ एकमेकांना टेकवले, मागे बॅटरी धरली. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेडाची बारीक रेघ. मग एकाच तांब्याच्या तारेचे दोन तुकडे करून रुळाच्या दोन टोकांना घातले आणि दांडा फिरवला. निघालेले तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. एक चपटा झाला होता, दुसरा नुसता दबलेला.

"पाह्य बेटा. दोन्ही पेच अलग अलग फिरतात इचे. उजवा ढिला हाय. बराबर करून घेतला तर काम देईन." मग त्यांनी रुळावर नख फिरवलं. "पण लोखंड कच्चं हाय. हा वळ पडला नं, हा जाणार नाई. जे काढशीन त्याच्यावर उमटन."

"म्हणजे माही चूक नाई?"

"हाये नं! चांदी मधी मधी तापवली होती का?"

"नाई." घाई होती, तापवली नव्हती.

"दमवली तू तिले. दमलेली चांदी फाटतेच. दोन-तीन फेरे झाले का तापव, मऊ होऊ दे, मंगच पुढं."

भेगाळलेली पट्टी त्यांनीच पुन्हा वितळवून दिली. घरी येऊन मी उजवा पेच थोडा जास्त कसला, तारेचे तुकडे घालून चार वेळा तपासलं. दर फेऱ्याला पट्टीचं तोंड उलटवत गेले, मधे मधे तापवत गेले. रुंद पत्रा या मशीनला झेपत नाही हेही कळलं. तीन रविवार लागले. दोन गोठांच्या दोन अरुंद पाटल्या झाल्या, दोन्हींवर त्या वळाची फिकट रेघ.

आईकडे केनवडला जाऊन तिच्या हातात घातल्या. तिनं हात वर-खाली करून पाहिला.

"हलक्या हायेत. हे रेघ काहून?"

"मशीनची हाय."

"बरं. माझ्या हातावर काय कमी रेघा हायेत."

मी तिथेच बाजेवर आडवी झाले आणि झोपून गेले. उठले तेव्हा आई पाटल्या घालूनच भाकरी थापत होती.

माझ्याबरोबरीची एक नर्स परवा विचारत होती, मीही अशी मशीन घेऊ का? मी म्हटलं, घे, पण आली की आधी रुळांमागे बॅटरी धर. उजेड दिसला तर त्याच दिवशी परत कर. मी परतीची मुदत स्वतःला दोष देण्यात घालवली.