पेंटरकाकांची वेगळी सावली

पेंटरकाका माणसाचं तोंड पाहत नसत, त्याची सावली पाहत. सोनपेठच्या बसस्थानकासमोर उभे राहून मला मोठ्यांदा सांगायचे, "ती बघ, त्या म्हातारीची सावली पायापाशी काळी हाय, अन् डोक्याकडं इरत गेलीय." म्हातारी पदर सावरून संशयाने बघायची. मी दोन पावलं सरकून ओळख नसल्यासारखं करायची.

जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले, तेव्हा पन्नाशी उलटलेला हा माणूस माऊस धरायला शिकला. आमचा ॲनिमेशन स्टुडिओ म्हणजे पंपदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. मालक, पेंटरकाका, मी आणि तीन कॉम्प्युटर, त्यातला एक रामभरोसे.

काकांचा हट्ट एकच, सावली वेगळी रेंडर करायची, म्हणजे कॉम्प्युटरकडून तिचं चित्र वेगळं काढून घ्यायचं. बैलाचा थर वेगळा, जमिनीचा वेगळा, नुसत्या सावलीचा वेगळा, आणि शेवटी सगळे एकावर एक बसवायचे. "अक्षर वाळल्याबिगर त्याची सावली वढली का आमी कधी? सावलीला येगळा ब्रश, येगळी वाटी," हे मी दिवसातून तीनदा ऐकायची. सावलीचा थर काढताना बैल कॅमेऱ्यापासून लपवायचा, उन्हापासून नाही. मी एकदा बैल बंदच करून टाकला. बैलच नाही तर सावली कुठली? चार तासांनी कोरा पडदा निघाला. काकांनी खालच्या पंपवाल्याला वर बोलावून तो दाखवला. "बघा, हिचा बैल अमुशेला उभा हाय!"

मग पुण्याहून नमुन्याचं काम आलं. शेतातून चालणारा बैल, अकरा शॉट. मालकांनी आधीच सांगून टाकलं की पुढे दोघांपैकी एकालाच ठेवणं जमेल, कुणाला ते या कामावर ठरेल. माझी पाचावर धारण बसली. नोकरी गेली असती तर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणं ठरलेलंच होतं.

काका एका लग्नाला देवगाव फाट्याला गेले, त्या दिवशी मी दोन शॉट सावलीसकट एकत्रच काढले. वेळ वाचत होता, आणि म्हातारा कुठे बघतोय? चार दिवसांनी पुण्याचा फोन आला, ऊन नको, दिवस ढगाळ करा. नऊ शॉटमधल्या सावल्या काकांनी चहा गार व्हायच्या आत फिक्या केल्या. माझ्या दोन शॉटमधली सावली मात्र जमिनीत मुरली होती, काही केल्या निघेना.

"हे कुणाचं काम?" मालक ओरडले.

"माझं," काका चष्मा पुसत म्हणाले. "डोळे दगा द्यायलेत, मालक."

मी गप्प राहिले. काकांनी शेजारी बसून दोन्ही शॉट माझ्याकडून पुन्हा करून घेतले. काम पास झालं आणि काकांना घरी बसवलं. मी तेव्हाही गप्पच होते, इतकी निलाजरी मी.

आता मी पुण्यातल्या एका मोठ्या स्टुडिओत आहे. आईच्या हातातला कोयता सुटला. गेल्या महिन्यात धीर करून सोनपेठला गेले आणि मालकांना खरं सांगितलं. ते हसायलाच लागले. "अगं, पेंटरच्या हातून असं व्हईल व्हय? मला तवाच कळलं. बाजूला घेऊन इचारलं, तर म्हनला, पोरीला ठिवा, मला ब्रश तरी धरता येतो."

तशीच काकांच्या घरी गेले. ते दारात खाटेवर बसले होते. मी पाया पडले, तर त्यांचा हात चाचपडत माझ्या डोक्यावर आला.

"कोन हाय, माय?"

डोळ्यांचं त्यांनी खरं सांगितलं होतं. मी आजवर ती थाप समजत होते, कारण पुण्याला गेल्यापासून माझं प्रत्येक काम मी त्यांना मोबाइलवर पाठवत होते आणि दर वेळी "लय भारी" असं उत्तर येत होतं.

"ते मी लिहिते," त्यांची सून हळूच म्हणाली. "मामांना सांगते, तिनं काय तरी पाठवलंय. काय हाय ते सांगायच्या आतच म्हनत्यात, लिही, लय भारी."