करदोड्याला बांधलेला प्रोग्राम

पीएचपी या संगणकाच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम म्हणजे अंगणात वाळत घातलेलं धान्य. सर्व्हरपर्यंत ज्याचा हात पोचला, त्यानं पोतं भरून न्यावं. उत्रोली, कामथडीच्या दूध डेअऱ्यांसाठी माझ्या भागीदारानं प्रोग्राम लिहिला; गिऱ्हाइकं आणायचं काम माझं. एका गिऱ्हाइकाच्या भाच्यानं तो जसाच्या तसा उचलला आणि नसरापुरात स्वतःच्या नावानं विकायला काढला. माझं डोकं फिरलं.

भागीदार वेल्ह्याकडच्या मेंढपाळाच्या घरातला. त्यानं एन्कोडर आणला. त्यातून काढलेली फाइल सर्व्हरवर चालते, पण उघडली तर नुसती गिचमीड. बदल करायचा तर मूळ फाइलच लागते. ती त्यानं एका काळ्या पेनड्राइव्हवर ठेवली, बाकी सगळीकडून पुसली आणि पेनड्राइव्ह कमरेच्या करदोड्याला बांधला. भोरच्या आमच्या ऑफिसातही सोडत नसे. मी चिडवलं की म्हणायचा, "घरची किल्ली आमी हितंच बांधतो."

महामार्गावर ट्रकनं त्याला उडवलं, जागीच गेला. पुढे सर्व्हरवाल्यांनी पीएचपीची आवृत्ती बदलली आणि सगळ्या डेअऱ्यांचा प्रोग्राम बंद पडला. डेअऱ्या प्रोग्रामचं जे भाडं देत, त्यावरच त्याची बायको आणि लहानगी जगणार होती. पेनड्राइव्ह घरात असेल असं धरून मी त्याच्या वाडीवर गेलो.

वहिनींनी पेट्या, फडताळं, सगळं उपसलं. काही नाही. मग मी त्याच्या वडिलांना करदोड्याचं विचारलं. सरणावर ठेवण्याआधी तो तोडतात.

"म्याच तोडला," आबा म्हणाले. "काळा ताईत हुता त्याला. कापडासंगट नदीत सोडला. का वं, काय हुतं त्यात?"

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यात काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. मला म्हाताऱ्याचा संताप आला, मग मेलेल्या मित्राचा.

"काही नाही आबा. ताईतच होता."

"लागू न्हाई पडला मंग," आबा म्हणाले.

आता वाचता येईल असा प्रोग्राम एकाकडेच उरला होता. लाज गिळून मी नसरापूरला त्या भाच्याकडे मागायला गेलो. त्यानं चहा पाजला, प्रोग्राम दिला नाही. महिनाभरात डेअऱ्या एकेक करून त्याच्याकडे गेल्या. वहिनी हल्ली टेम्पोनं कारखान्यात पॅकिंगला जातात.