खिडकीवाल्या काकांची तपासणी

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट देण्याच्या खिडकीशी ते बावीस वर्षं बसत आले. सगळे त्यांना खिडकीवाले काका म्हणतात. पाकीट पुढे सरकवताना "घाबरायचं काही नसतं" हे ते इतक्या सवयीनं म्हणत, की आत काय छापलंय याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध नसे. पहिल्या हाकेला माणूस उठला नाही, की मात्र चिडत. "स्वतःचं नाव ऐकू येत नाही का हो?"

बायको जाऊन आठ वर्षं झालेली. लॅबचे पांढरे कोट शिवणाऱ्या बाई आमच्या शेजारच्या, त्याही एकट्याच. एका दुपारी काका कोट न्यायला गेले आणि संध्याकाळी कोट न घेताच परतले. काळजी घ्यायची असते हे दोघांनाही आठवलं, पण नंतर.

दुसऱ्या दिवसापासून काकांना स्वतःच्या अंगात एकेक रोग सापडू लागला. नावं सगळी पाठ होती, दरपत्रकाच्या क्रमानं. मान खाजली की एक, घसा धरला की दुसरा. बाईंचा फोन आला की ते नुसता वाजू देत. आपल्या लॅबमध्ये तपासणं शक्यच नव्हतं. कुत्रंसुद्धा ओळखणार नाही अशी लॅब शोधण्यात आठ दिवस गेले. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला ती मिळाली. तिथे त्यांनी शाळेतल्या भूमितीच्या मास्तरांचं नाव लिहून दिलं आणि बाकावर बसले.

आतून मास्तरांच्या नावानं हाक आली. दोनदा, तीनदा. काका मनात म्हणाले, काय बेफिकीर माणसं असतात! शेवटी खिडकीतली मुलगी बाहेरच आली. "काका, बाकावर तुम्ही एकटेच उरलाय. तेव्हा हे तुम्हीच असणार."

तिथल्या डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "आज रक्त घेऊ, पण आठ दिवसांत सगळं कळत नाही. दीड महिन्यानं या, मग तीन महिन्यांनी. पहिल्या तीन दिवसांत आला असतात, तर निदान एका आजाराला रोखणारं औषध देता आलं असतं. काम काय करता?"

"शिकवतो," काका म्हणाले. "भूमिती."

"बरं. आणि त्या बाईंना सांगितलंत? त्यांनीही तपासून घ्यायला हवं."

काका बाईंकडे गेले. वाटेत त्यांनी मोठ्या मनानं बाईंना माफही करून टाकलं होतं. बाई मशीनवर होत्या. ऐकता ऐकता त्यांचे पाय थांबले.

"म्हणजे माझ्याकडून काही लागलं असेल, म्हणून फोन उचलत नव्हतात?"

"तसं नाही, पण..."

"आणि तुमच्याकडून मला?"

ही बाजू काकांच्या डोक्यातच आली नव्हती.

"मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आले. महिनाभराच्या गोळ्या चालू आहेत, मळमळून जीव जातोय. तुम्हीही जा, हेच सांगायला फोन करत होते."

काका जायला वळले.

"निघालात कुठे? दीड महिना काय घरी बसून मान खाजवणार? बटणं लावता येतात?"

"शिकेन."

आता रोज संध्याकाळी काका तिथे शाळेच्या शर्टांना बटणं लावत असतात. दीड महिन्याचा रिपोर्ट दोघांचाही चांगला आला, तीन महिन्यांचा यायचाय. बाईंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही. फक्त बसायला स्टूल दिलंय.